टाइपरायटरला तेल पाजू नका

महोदय,

जुना टाइपरायटर घरी आला की हौशी मंडळी आधी त्यात तेल ओततात. यंत्राची वाट लागते ती तिथेच. अक्षरांच्या दांड्या ज्या अर्धगोल सेगमेंटच्या खाचांत फिरतात, तिथे तेलाचा थेंबही नको. तेलावर धूळ बसून चिकटा होतो आणि दांडी वरच अडकते. खाचा व्हाइट पेट्रोल आणि टूथब्रशने घासाव्यात. काम उघड्या गच्चीत, आगीपासून दूर. रंगावर, कंपनीच्या सोनेरी अक्षरांवर स्पिरिट लागू देऊ नये, ती पुसली जातात. शिलाई मशीनचे तेल फक्त कॅरेजच्या, म्हणजे कागद धरून सरकणाऱ्या भागाच्या, रुळांना, तेही एकेक थेंब.

टाइप करताना कॅरेज पुढे सरकत नसेल तर बहुधा कॅरेजला स्प्रिंगच्या डब्याशी जोडणारी ओढपट्टी तुटलेली असते. स्प्रिंगचा डबा घट्ट धरून 3-4 वेढे द्यावेत आणि नवी मजबूत दोरी अडकवावी. डबा हातातून सुटला तर बोटे सोलवटतात.

नागपूरच्या उन्हाने रोलरचे रबर दगडासारखे होते. बारीक पॉलिश पेपरने वरचा चकचकीत थर काढला की कागदाची पकड सुधारते, टणकपणा मात्र जात नाही. कूलरच्या झोतात यंत्र ठेवणे म्हणजे गंजाला आमंत्रण.

रिबन 13 मिमीची घ्यावी आणि जुन्याच चकत्यांवर गुंडाळावी. अनेक कंपन्यांची चकती वेगळी. कार्यालयांनी भंगारात यंत्रे काढताना निदान या चकत्या तरी सोबत द्याव्यात.

– एक वाचक, धरमपेठ, नागपूर