वस्ताद म्हणाले, मेहनत आता तू घ्यायची

प्रिय संभा,

तब्येत बरी आहे, गुडघा जसा होता तसाच, आईची बीपीची गोळी चालू आहे. आता मूळ विषय. फोनवर तू "पुढं? पुढं?" करून निम्मं बोलूच देत नाहीस आणि हे दुसऱ्या कुणाला सांगून कळणारं नाही, म्हणून लिहितोय.

परवा पहाटे वस्ताद तालमीच्या कट्ट्यावर येऊन बसले आणि सगळ्या पोरांसमोर म्हणाले, बाळू, उद्यापासून पोरांची मेहनत तू घ्यायची. पोरं माझ्याकडं बघायला लागली. नंतर आत बोलावून सांगितलं की आता त्यांच्याच्यानं पहाटे चारला उठणं होत नाही, तालमीला कुलूप लागलेलं त्यांना बघायचं नाही, आणि बसायचं तर पूर्ण बसायचं, दिवाळीनंतर यात्रा सुरू झाल्या की लांग बांधून गावोगाव कुस्त्या मारत फिरायचं नाही. श्रावण संपायच्या आत काय ते सांग म्हणाले.

लका, माझी कुस्ती अजून सुटलेली नाही रे. हलगी वाजली की मांड्या आपोआप तापतात. बायको म्हणते बरंच झालं, हाडं तरी शाबूत राहतील. तिचं चूक नाही, पण हा निर्णय हाडांचा नाहीच. पैशाचाही नाही, खरं तर यात्रेत तीन नंबरची कुस्ती मिळाली तरी महिन्याचा खुराक निघतो आणि वस्तादाला पोरांच्या घरून फार तर तांदूळ, शेंगा आणि दुधाची किटली येते, हे तू बघितलंयस. (खुराकावरून आठवलं, थंडाईचे बदाम कोण उचलायचं ते तू अजून कबूल केलेलं नाहीस. पोलीस झालास म्हणून फाईल बंद झाली समजू नकोस.)

खरी काळजी वेगळी आहे. मला लढता येतं, शिकवता येईल का?

कालचंच सांगतो. शिराळ्याकडचं एक पोरगं आलंय, चौदा वर्षांचं, नुसतं हाड, पण चपळ म्हणजे असलं चपळ की तू बघितलंस तर वर्दी काढून मातीच्या हौद्यात उतरशील. एकेरी पट काढायला, म्हणजे समोरच्याचा एक पाय धरायला जातं आणि मान खाली घालतं. मान खाली गेली की समोरचा वरून दाबतो, मागं जाऊन कब्जा घेतो, खेळ खल्लास. मी सांगितलं, डोकं वर ठेव. परत तेच. मी स्वतः पट काढून दाखवला, तीनदा. परत तेच. माझा आवाज चढला, पोरगं घाबरलं, मग तर अजूनच आखडलं. तेवढ्यात वस्ताद कट्ट्यावरून, जागचे न हलता म्हणाले, "पायाकडं बघू नको, त्याच्या छातीकडं बघ." पोरगं गेलं आणि पट काढला की! नजर वर राहिली, तशी मान वर राहिली, पाठ ताठ राहिली, पाय हातात आला. संभा, मी इतकी वर्षं पट काढतोय, पण आत घुसताना मी कुठं बघतो हे मला आजपर्यंत माहीत नव्हतं. अंगाला माहीत होतं, मला नव्हतं. आणि वस्तादांना माझं, तुझं, सगळ्यांचं माहीत आहे, कारण ते इतकी वर्षं बघतच बसलेत. रात्रभर तेच डोक्यात.

मग मोठी माणसं आठवत बसलो. गणपतराव आंदळकर बघ. 1960 चे हिंदकेसरी, 1962 ला जकार्ताच्या एशियाडला ग्रीको-रोमनमध्ये गोल्ड आणि फ्रीस्टाईलमध्ये सिल्व्हर, 1964 ला टोकियो ऑलिम्पिक. एवढ्यावर दुसरा कुणी आयुष्यभर फेटे बांधून घेत फिरला असता. पण हा माणूस कोल्हापूरच्या मोतीबाग तालमीत पोरं घडवत बसला, आणि त्यांच्या हाताखालचे दादू चौगुले 1970 आणि 71 असे लागोपाठ महाराष्ट्र केसरी झाले.

आणि हरिश्चंद्र बिराजदार मामा. 1977 ची बेळगावची कुस्ती, दिल्लीच्या सतपालला हरवलेली, ती आपल्या तालमीत पोरं अशी सांगायची की जणू प्रत्येक जण मैदानात होता, जन्म नसला झाला तरी. लोक मामांना त्या एका कुस्तीवर ओळखतात. मला ते कमी वाटतं. मामा नंतर पुण्यात गोकुळ वस्ताद तालमीत बसले, बीडकडचा राहुल आवारे त्यांच्याकडं आला. मामा 2011 ला गेले. राहुलला पुढं काका पवारांनी सांभाळलं, आणि 2018 ला गोल्ड कोस्टला कॉमनवेल्थचं 57 किलोचं गोल्ड त्यानं मामांना अर्पण केलं. पुढच्या वर्षी वर्ल्डचं ब्राँझ. मामांनी यातलं काही बघितलं नाही! मैदानात निकाल तिथल्या तिथं लागतो रे, पाठ लागली की लागली, फेटा बांधला, घरी. वस्तादाचा निकाल तो गेल्यावर सात वर्षांनी लागतो. एवढा धीर माझ्यात आहे का, सांग.

तिकडं सतपालचंही तेच. बेळगावला हरला, 1982 च्या एशियाडला गोल्ड मारलं, आणि मग दिल्लीच्या छत्रसाल स्टेडियमला बसून जी पोरं काढली त्यातल्या सुशील कुमारनं 2008 ला ब्राँझ आणि 2012 ला सिल्व्हर आणलं, ऑलिम्पिकचं. म्हणजे त्या दोघांची जोड बेळगावात सुटलीच नाही, नंतर चाळीस वर्षं पोरांच्या अंगातून चालू राहिली. मला हे फार भारी वाटतं आणि त्याच वेळी पोटात गोळा येतो, कारण आपल्याकडं मॅटसुद्धा नाही. पोरगं मातीत कितीही तयार झालं तरी पुढं गुणांवरची कुस्ती, सहा मिनिटं, सिंगलेट, बूट. म्हणजे चांगलं पोरगं तयार करायचं आणि पुण्याला नाहीतर दिल्लीला दुसऱ्याच्या हातात द्यायचं. ते शिराळ्याचं पोरगं दोन-तीन वर्षांत जाणारच.

तू भरतीला गेलास तेव्हा आपलं वाजलं होतं. मी अजूनही म्हणतो, दोन सीझन थांबला असतास तर महाराष्ट्र केसरीच्या माती गटात पुढं गेला असतास. तुझा घिस्सा डाव मला कधी सोडवता आला नाही. त्यावर तू परत भांडशील, भांड.

वहिनींना नमस्कार. बाळाचं बारसं कधी ते कळव. बदलीचं काय झालं? गडचिरोली टळली का?

तर काम असं आहे. रजा टाक आणि दोन दिवस ये. पहाटेची मेहनत मी घेतो, तू वस्तादांशेजारी कट्ट्यावर बस आणि नुसतं बघ. मी पोरांना काय सांगतो, त्यातलं पोरांच्या अंगात किती उतरतं, हे वस्ताद मला तोंडावर सांगणार नाहीत, तू सांगशील. आणि "तुला जे वाटेल ते कर" असलं उत्तर घेऊन येणार असशील तर एसटीचे पैसे वाचव. लांग आण. ते पोरगं तुझ्या हातात देणार आहे, घिस्सा तूच शिकवायचा.

तुझा,
बाळू