आफ्रिकेची कविता नागपुरात यावी

१९५५च्या इंडोनेशियातील बांडुंग परिषदेत आशिया-आफ्रिकेतील २९ देश एकत्र आले, तर १९५८ साली ताश्कंदला दोन्ही खंडांतले लेखक जमले. त्या चळवळीतूनच पुढे अरबी, इंग्रजी, फ्रेंच भाषांतून ‘लोटस’ हे साहित्यिक नियतकालिक निघाले. उर्दू कवी फैज अहमद फैज त्याचे संपादक होते. ही ओळख आज पुसट झाली, याचे वाईट वाटते.

धम्मचक्र प्रवर्तन दिनी दीक्षाभूमीवरच्या पुस्तकांच्या स्टॉलवर केवढी झुंबड असते! खेड्यापाड्यांतून आलेली माणसे पिशव्या भरभरून पुस्तके नेतात. केनिया, सेनेगल, दक्षिण आफ्रिकेच्या कवितांचे मराठी अनुवाद मात्र शोधावे लागतात. असा वाचक दुसरीकडे कुठे मिळणार? विद्यापीठाच्या मराठी विभागाने हे काम हाती घ्यावे. दक्षिण मध्य क्षेत्र सांस्कृतिक केंद्रानेही आफ्रिकी वादकांना आमच्या खडीगंमत या वैदर्भी लोकनाट्याच्या कलावंतांसोबत एकाच मंचावर बोलवावे.

– एक वाचक, नागपूर