आधी तपासणी, मग तीळ काढण्याचा विचार

महोदय,

लग्नसराई जवळ आली की ‘दहा मिनिटांत तीळ गायब, डाग राहणार नाही’ अशा जाहिराती पार्लरच्या दारावर आणि मोबाइलवर झळकू लागतात. त्यांतला ‘डाग राहणार नाही’ हा दावा कोणालाच करता येत नाही. चेहऱ्यावरच्या उंचवटलेल्या तिळाच्या पेशी त्वचेच्या वरच्या पापुद्र्यात नसतात, खाली अंतस्त्वचेत असतात. तिथवर जखम गेली की ती भरताना व्रण हा राहतोच, मग तो बारीक असो की ठळक. म्हणजे तीळ देऊन व्रण घ्यायचा, असा हा व्यवहार आहे. तो व्रण तिळापेक्षा कमी नजरेत भरेल का, याचा विचार करून निर्णय घ्यायला हवा.

पण त्याही आधी तो तीळच आहे का, हे पाहिले पाहिजे. तिशीनंतर गालांवर आणि डोळ्यांच्या कडेला बारीक काळे दाणे येत राहतात, आईला किंवा मावशीलाही तसेच असतात. हे खरे तीळ नव्हेत. ते अगदी वरवर असतात आणि मंद विजेच्या सुईने सहज निघतात, मात्र पुढे नवे येतच राहतात. खरखरीत चामखीळ विषाणूमुळे येते. दाढी करताना तिला ब्लेड लागले की ती आजूबाजूला पसरते. मऊ, गोलसर, कधी त्वचेच्याच रंगाचा आणि मधून एखादा केस उगवलेला उंचवटा मात्र खरा तीळ असतो.

खरी काळजी वाटते ती आणखी एका गाठीची. बेसल सेल कार्सिनोमा हा त्वचेचा कर्करोग गोऱ्या लोकांत बहुधा गुलाबीसर दिसतो, आपल्या सावळ्या त्वचेवर तो पुष्कळदा काळा दिसतो आणि म्हणून तीळ समजला जातो. पन्नाशीनंतर नाक, गाल किंवा पापणीजवळ नव्याने आलेला काळा, चकचकीत दाणा, त्याची कड किंचित उचललेली, मधे खपली, टॉवेलने तोंड पुसताना अधूनमधून रक्त येणे, ही त्याची लक्षणे. हा रोग शरीरात इतरत्र क्वचितच पसरतो, पण आहे तिथली त्वचा आणि पुढे नाकाची कूर्चासुद्धा पोखरत जातो. पार्लरमध्ये तो वरून जाळला की वरची जखम भरते आणि खाली तो वाढत राहतो. पुन्हा दिसेपर्यंत महिने उलटतात आणि सुरुवातीला लहानशा शस्त्रक्रियेत भागले असते तिथे नाकावर त्वचा बसवण्याची वेळ येते. मेलॅनोमा हा त्वचेला रंग देणाऱ्या पेशींचा घातक कर्करोग आपल्याकडे कमी आढळतो, आणि आढळला तर बऱ्याचदा तळपायावर किंवा नखाखाली. तरीही चेहऱ्यावरचा तीळ दोन्ही बाजूंनी सारखा नसेल, कड वेडीवाकडी असेल, एकाच तिळात दोन-तीन रंग असतील, तो ६ मिलिमीटरहून मोठा असेल किंवा अलीकडे बदलला असेल, तर आधी निदान व्हायला हवे. त्वचारोगतज्ज्ञाकडे डर्मोस्कोप नावाचे हातात धरायचे भिंग असते. त्याने तीळ दहापट मोठा दिसतो आणि तपासणीला दोन-चार मिनिटे पुरतात. या भिंगातून न पाहताच कोणी काढायला निघाले, तर तिथून उठावे.

निदान निश्चित झाल्यावर पद्धत ठरते. उंचवटलेल्या साध्या तिळाला शेव्ह पद्धत चांगली. जागा बधिर करणारे लिग्नोकेन आणि रक्तवाहिन्या आकसवणारे अॅड्रेनलिन यांचे इंजेक्शन देऊन जागा पांढरी पडेपर्यंत पाच-दहा मिनिटे थांबायचे, म्हणजे रक्त कमी येते. मग ब्लेडने तीळ त्वचेच्या पातळीवर कापायचा आणि रेडिओफ्रीक्वेन्सी यंत्राच्या मंद विजेच्या प्रवाहाने तळ नुसता सपाट करायचा. कापलेला तुकडा १० टक्के फॉर्मेलिनच्या बाटलीत घालून पॅथॉलॉजीकडे गेलाच पाहिजे. जखम आठ-दहा दिवसांत भरते. चुका होतात त्या खोलीच्या. हात खोल गेला की खड्डा पडतो, नाकाच्या शेंड्यावर तर तो लगेच दिसतो. वरवर काढला की काही महिन्यांत रंग परत येतो. केसाचे मूळ आणखी खाली असल्यामुळे केसही पुन्हा उगवतो.

संशयास्पद तीळ पूर्ण जाडीचा कापून टाके घालावे लागतात. ६ मिलिमीटरचा तीळ काढायला साधारण १८ मिलिमीटर लांबीची रेघ पडते, हे ऐकून बरेच जण दचकतात. पण काप होडीसारखा लांबट ठेवला नाही, तर दोन्ही टोकांना चुणी उभी राहते. ही रेघ चेहऱ्याच्या नैसर्गिक सुरकुतीच्या दिशेने घेतली, की वर्षभरात पुसट होते. ६-० नंबरच्या नायलॉनचे टाके पाच ते सात दिवसांत काढावेत. जास्त दिवस राहिले तर रेघेच्या दोन्ही बाजूंना टाक्यांच्या खुणा कायमच्या उमटतात.

लेझरबद्दल आमचे मत स्पष्ट आहे. कार्बन डायऑक्साइड लेझर तिळाची वाफ करतो, म्हणजे तपासायला काहीच उरत नाही. रंगावर चालणारा क्यू-स्विच्ड लेझर रंग फोडतो, पण तिळाच्या खोल पेशी तशाच राहतात. खऱ्या तिळासाठी लेझर हा पहिला पर्याय असू नये. चुना-सोड्याचे मिश्रण, बिब्बा आणि ऑनलाइन मिळणारी तीळ घालवणारी क्रीम्स यांनी त्वचा रासायनिक पद्धतीने भाजते, आणि ते भाजणे कुठे थांबवायचे हे लावणाऱ्याच्या हातात नसते. बिब्ब्याची तर अॅलर्जी उठून डोळे मिटेपर्यंत चेहरा सुजू शकतो.

पुढची निगा निम्मे काम करते. जखमेवर पेट्रोलियम जेली लावून ती ओलसर ठेवायची, हळद किंवा पावडर टाकायची नाही, खपली नखाने काढायची नाही. आपल्या त्वचेवर जखमेच्या जागी काळपटपणा येण्याची खोड आहे, तो काही महिने टिकतो. जखम भरल्यावर एसपीएफ ३० किंवा त्याहून अधिकचे सनस्क्रीन रोज लावावे आणि बाहेर असताना दर दोन-तीन तासांनी पुन्हा लावावे. तो काळपटपणा घालवायला मेडिकलच्या दुकानातून स्टेरॉइड मिसळलेली ‘गोरेपणाची’ ट्यूब आणू नये, त्यातून त्वचा पातळ होऊन नवे दुखणे मागे लागते. काळपटपणा जायला असे महिने लागतात, म्हणून लग्न महिन्यावर आले असताना तीळ काढू नये. किमान चार महिने हाताशी ठेवावेत.

काहींनी थांबावे किंवा काढूच नये. ज्यांना कान टोचल्यावर किंवा मुरमांनंतर जबड्यावर जाड गाठीसारखे व्रण आले आहेत, त्यांना पुन्हा तशाच व्रणाचा, म्हणजे केलॉइडचा धोका मोठा. मुलांचे तीळ वाढीबरोबर बदलत असतात, शंका नसेल तर घाई नको. गरोदरपणात तीळ काळवंडू शकतात, केवळ सौंदर्यासाठीचे काम नंतर करावे. रक्त पातळ करणारी गोळी किंवा पेसमेकर असेल तर आधी सांगावे, गोळी मात्र स्वतःहून बंद करू नये. आणि स्थळ पाहायला आलेल्या मंडळींनी ‘एवढा तीळ काढून घ्या’ म्हटले, म्हणून मुलीला तीळ काढायला आणू नये. तिला स्वतःला तो नको असेल, तरच पुढे जावे. सपाट, बारीक तीळ काढण्याने क्वचितच फायदा होतो, तिथे कन्सीलर पुरतो.

ज्यांनी पार्लरमध्ये आधीच तीळ जाळून घेतला आहे, त्यांनी त्या जागेचा एकाच उजेडात, एकाच अंतरावरून दरमहा फोटो काढून ठेवावा. रंग परत आला, जखम चिघळली किंवा भरलेलीच नसेल, तर त्वचारोगतज्ज्ञाकडे जावे आणि ती जागा जाळली होती, कधी आणि कशाने, हे स्पष्ट सांगावे. अर्धवट निघालेला साधा तीळ परत येतो तेव्हा सूक्ष्मदर्शकाखाली तो मेलॅनोमासारखा दिसू शकतो, आणि ही माहिती पॅथॉलॉजिस्टला नसेल तर चुकीचे निदान होऊ शकते.

आपले,
त्वचारोग व प्लास्टिक सर्जरी क्षेत्रातील काही डॉक्टर, पुणे