हत्ती गडावर कसे चढले?

प्रिय ओवी,

पाय कसे आहेत? माझे गुडघे रविवारपासून कुरकुरतायत. आजी फोनवर म्हणाली, की तू रायगडाहून आल्यापासून माझ्यावर फुगली आहेस, कारण रोपवे समोर दिसत असताना मी तुला चौदाशेच्या वर पायऱ्या चढायला लावल्या. कबूल. पण ती चढाई फुकट गेली नाही, हे सांगायलाच हे पत्र.

महादरवाजाच्या अलीकडे तू एका पायरीवर फतकल मारून बसलीस आणि वैतागून म्हणालीस, "बाबा, माणसाची ही गत, मग हत्ती कसे चढले?" मी म्हटलं, चल पुढे, उशीर होतोय. उत्तर येत नसलं की मी असंच म्हणतो, हे तुला एव्हाना कळलंच असेल.

घरी आल्यावर शोधलं. १६७४ च्या राज्याभिषेकाला मुंबईच्या इंग्रजांचा वकील हेन्री ऑक्झेंडन आला होता. राजसभेच्या दारापुढे त्याला दोन्ही बाजूंना लहान चणीचे हत्ती आणि सोन्याच्या साजातले घोडे उभे दिसले. हा बिकट गड चढून ही जनावरं वर आली कशी, याचंच त्याला नवल वाटलं आणि तसं त्याने लिहून ठेवलं. म्हणजे साडेतीनशे वर्षांपूर्वी तोही बहुतेक तुझ्यासारखाच धापा टाकत होता!

आता गाइडकाकांचं आठव. ते म्हणाले, पिल्लं असताना वर नेली आणि ती तिथेच मोठी झाली. तू वहीत तेवढंच लिहून मोकळी झालीस. पण तुमच्या सातवीच्या पुस्तकात अगदी सुरुवातीलाच इतिहासाची साधने आहेत ना, भौतिक, लिखित, मौखिक? गाइडकाकांचं ते मौखिक, ऑक्झेंडनचं लिखित. 'लहान हत्ती' हे त्याचे शब्द काकांच्या गोष्टीला थोडा टेकू देतात, पण सिद्ध काही करत नाहीत. 'असे सांगतात' एवढे दोनच शब्द वहीत वाढव. घोड्यावर बसूनच खरेदी करता यावी म्हणून बाजारपेठेची जोती उंच बांधली, त्यालाही तेच दोन शब्द. (घोड्यावरून भाजी निवडणारा माणूस माझ्या तरी डोळ्यांपुढे येत नाही.)

त्या इंग्रजांची आणखी एक गंमत. ते महिनाभर राहिले आणि रोज मटण खात होते. त्यांना मटण पुरवणारा म्हातारा खाटीक शेवटी मुद्दाम गड चढून त्यांना बघायला आला, कारण काही वर्षांत खपलं नव्हतं एवढं मटण या पाहुण्यांनी महिन्याभरात संपवलं होतं. परीक्षेत हे कुणी विचारणार नाही. मला मात्र राज्याभिषेकाचं सगळं वर्णन वाचून झाल्यावर तो खाटीकच लक्षात राहिला.

जगदीश्वराच्या देवळात तुझा दुसरा प्रश्न आला. त्या संस्कृत शिलालेखात हिरोजीने गडावर विहिरी, तलाव, बागा, रस्ते, राजवाडे बांधले असं लिहिलंय, आणि हे सगळं चंद्रसूर्य असेपर्यंत नांदो असंही. तू वर बघून म्हणालीस, "सूर्य तर आहे. वाडे कुठायत?" मी नुसतं "इंग्रजांनी जाळले" म्हणालो. ते खरं आहे. मे १८१८ मध्ये त्यांच्या तोफांनी गडावर आग लागली. पण वरचं लाकूडकाम गेलं आणि दगडी जोती उरली, म्हणून आपण राण्यांच्या महालांत खोल्या मोजू शकलो आणि शौचकुपाची मोरी बघून तू "ईऽऽ" करू शकलीस. पायरीवरचं 'सेवेचे ठायी तत्पर हिरोजी' हेही उरलं. त्यातला 'तत्पर' तू बोट फिरवून वाचलास, तेव्हा मागची रांग खोळंबली होती आणि मी मुद्दामच तुला घाई केली नाही.

एक चूक माझी. खाली उतरेपर्यंत अंधार पडला आणि पाचाडला जिजाऊंच्या समाधीपाशी थांबायचं राहून गेलं. तुझ्या वहीत राज्याभिषेक ६ जून १६७४ असा लाल पेनाने चौकटीत आहे. त्याच्या खाली १७ जून लिही. त्या दिवशी पाचाडला जिजाऊ गेल्या. मधे फक्त अकरा दिवस. आपण गाडीत चिप्सवरून भांडत तिथूनच पुढे आलो.

दिवाळीच्या सुट्टीत परत जाऊ, आधी पाचाड. वर जायचं ते रोपवेने, नक्की. तुझी पाण्याची बाटली माझ्या बॅगेत राहिलीय, शनिवारी आणतो.

तुझा,
बाबा