डाळिंबाची भावकी

नॉक्सव्हिल, टेनेसी

तीर्थरूप आप्पांना सा. न. वि. वि.

भगवा वाणाची म्हणून आणलेली डाळिंबाची रोपं भगवाच आहेत का, हे फळ धरायच्या आधी कळेल का, असं तुम्ही विचारलंत. फोनवर नीट सांगता आलं नाही, म्हणून लिहितोय.

कळतं. माझं इथलं काम तेच आहे, फक्त शोभेच्या झाडांवर. सध्या क्रेप मर्टल चालू आहे. ही आपल्या ताम्हणाची बहीणच. डाळिंब आणि मेंदीही त्याच कुळातली, तेव्हा तुमच्या बागेपासून मी फार लांब गेलेलो नाही! वॉशिंग्टनच्या सरकारी वृक्षोद्यानात डोनाल्ड इगोल्फ यांनी हिचा जपानच्या याकुशिमा बेटावरच्या जातीशी संकर केला, कारण त्या जातीवर भुरी, म्हणजे पानांवरचा पांढरा बुरशी रोग, सहसा येत नाही. पांढऱ्या फुलांचा 'नॅचेझ' हा वाण त्यातलाच, १९७८चा. असे वाण पुष्कळ झाले. हिवाळ्यात पानं झडली आणि लेबल पडलं की नर्सरीवालाही चकतो.

मग कोवळं पान किंवा कळी घोटून डीएनए काढायचा. त्यात काही जागी दोन-तीन अक्षरं परत परत येतात, जीएजीएजीए अशी. एका वाणात बारा वेळा, दुसऱ्यात सतरा वेळा. पीसीआर मशीनमध्ये ९५, ५५, ७२ अंश अशा फेऱ्या देऊन तेवढाच तुकडा वाढवायचा आणि त्याची लांबी मोजायची. एका जागेवर भरवसा नाही. बऱ्याच जागा जुळल्या तरच बोलायचं. संकराच्या रोपात एक लांबी आईची, एक बापाची. खोटं बोलायला वावच नाही.

बियांपासून केलेलं रोप यात लगेच सापडतं. गुटी कलमं मात्र मूळ झाडासारखी हुबेहूब. पण एखाद्या फांदीला अचानक वेगळ्या रंगाचं फूल आलं आणि कुणी तिची कलमं नव्या नावानं विकली, तर आमच्या खुणा, म्हणजे त्या मोजलेल्या जागा, बहुधा दोन्ही झाडं एकच म्हणतात. रंगाशी त्यांना देणंघेणं नसतं.

दुसरं म्हणजे, वाण खरा निघाला तरी रोपात तेल्या रोग आहे का, हे यात दिसत नाही. मला विचाराल तर ती तपासणी आधी करा. वाणासाठी तुलनेला अस्सल भगव्याचा नमुना हवा, म्हणून सोलापूरजवळ केगावच्या डाळिंब संशोधन केंद्रात चौकशी करा. पानं पोस्टानं इकडे पाठवू नका, परवान्याशिवाय आत येऊ देत नाहीत.

आईला नमस्कार. शेंगाचटणी संपत आली आहे म्हणावं.

तुमचा,
बाळू