अक्काने पाठवलेला बातमीचा फोटो

संपादक महोदय,

स. न. वि. वि.

अमेरिकेच्या औषध प्रशासनाने पाळी गेल्यानंतरच्या संप्रेरक औषधांवरचा हृदयविकाराचा चौकटीत छापलेला ठळक इशारा काढायचं ठरवलं, ही नोव्हेंबर २०२५ची बातमी आपण छापलीत. त्याच संध्याकाळी इचलकरंजीहून आमच्या अक्काने त्या बातमीचा फोटो व्हॉट्सॲपवर धाडला. खाली लिहिलं होतं, ‘हृदयाला चांगलं म्हणे. मी पण सुरू करू?’ अक्का ६७ वर्षांची. पाळी जाऊन अठरा वर्षं झाली, आणि चार वर्षांपूर्वी स्टेंट बसलाय. बातमीत खोटं काही नव्हतं, पण अक्काच्या कामाचं वाक्यच नेमकं राहून गेलं होतं.

मी मिरजेत पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन आहे, डॉक्टर नाही. माझी पाळी ४८व्या वर्षी गेली. रक्त काढता काढता एकदम मानेतून वाफ वर चढायची, ग्लोव्हज आतून ओले व्हायचे. पेशंटला वाटायचं, हिचाच हात थरथरतोय! एका डॉक्टरीणबाईंना औषध विचारलं तर म्हणाल्या, ‘कॅन्सर करून घ्यायचाय का?’ साधं बीपीसुद्धा बघितलं नाही.

कॅन्सरची काय, हृदयाची काय, ही भीती २००२च्या अमेरिकन चाचणीतली. औषध घेणाऱ्या दर दहा हजार बायकांमागे वर्षाला हृदयविकाराच्या ७ आणि पक्षाघाताच्या ८ घटना जास्त निघाल्या, चाचणी मध्येच थांबवली. पण त्या बायकांचं सरासरी वय होतं ६३. पन्नाशीच्या बाईला तोच हिशेब लावून वीस वर्षं घाबरवलं गेलं. दुसऱ्या डॉक्टरांनी मला बीपी, साखर, रक्ताच्या गुठळ्या, घरातला कॅन्सर सगळं विचारलं, मॅमोग्राफी करवली, मग दंडाला लावायचं इस्ट्रोजेन या संप्रेरकाचं जेल दिलं. कातडीतून जाणारं औषध आधी यकृतात जात नाही, म्हणून गोळीपेक्षा गुठळीचा धोका कमी. गर्भाशय आहे म्हणून रात्री प्रोजेस्टेरॉनची गोळी वेगळी. वाफा थांबल्या. मी ते घेतलं वाफांसाठी, हृदयासाठी नव्हे.

२०१६च्या एका चाचणीत, पाळी जाऊन सहा वर्षं व्हायच्या आत इस्ट्रोजेन सुरू केलेल्या बायकांच्या मानेतल्या रक्तवाहिनीची भिंत औषध न घेणाऱ्यांपेक्षा सावकाश जाड झाली. दहा वर्षांनंतर सुरू केलेल्यांना तो फायदा नाही. म्हणून सुरू करायचं तर साठीच्या आत किंवा पाळी गेल्यापासून दहा वर्षांत, असं तज्ज्ञ म्हणतात. आणि अक्कासारख्यांचं? १९९८ सालीच आधीपासून हृदयविकार असलेल्या २,७६३ बायकांवर हे औषध वापरून पाहिलं होतं, सरासरी वय अक्काइतकंच. हृदयाला उपयोग शून्य, उलट पहिल्या वर्षी त्रास वाढला. हे दोन ओळींत छापता आलं असतं.

लॅबमध्ये रोज बघते. नवऱ्याचं ‘फुल बॉडी’ असतं, बायको बाकावर फाइल धरून बसलेली. पाळी गेल्यावर वाईट कोलेस्टेरॉल वाढतं, तर तुमचंही करून घ्या म्हटलं की उत्तर ठरलेलं: ‘मला काय झालंय!’

अक्काला फोन करून हे सगळं सांगितलं. बोलता बोलता कळलं, कोलेस्टेरॉलची गोळी तिने दोन महिन्यांपासून बंदच केलीय. ‘बरं वाटतंय की आता,’ म्हणाली. रविवारी इचलकरंजीला जाऊन तिला तिच्या हार्टच्या डॉक्टरांकडे घेऊन जाणार आहे.

– एक लॅब टेक्निशियन, मिरज