यात्रेतील स्टॉलवरून विकलेल्या आरओ यंत्राबाबत तक्रार

लातूर
दि. १६ मे २०२५

प्रति,
मा. तक्रार निवारण अधिकारी,
ग्राहक सेवा विभाग.

विषय : दिशाभूल करून केलेली विक्री, पाण्याची नासाडी आणि पैसे भरून घेतलेले यंत्र परस्पर बंद केल्याबाबत.

महोदय,

यंदाच्या महाशिवरात्रीला लातूरच्या सिद्धेश्वर यात्रेत आपल्या कंपनीने जो स्टॉल लावला होता, तेथून मी आपले पिण्याचे पाणी शुद्ध करण्याचे घरगुती आरओ यंत्र पूर्ण रक्कम रु. १६,५०० भरून विकत घेतले. पावतीवर ‘एक वर्ष सेवा मोफत’ असे आपल्या विक्री प्रतिनिधीने स्वतःच्या हाताने लिहून खाली सही केलेली आहे. हे यंत्र ४ मेपासून माझ्या स्वयंपाकघरात भिंतीला नुसते टांगलेले आहे. त्याचा एकही भाग बिघडलेला नसून ते आपल्या कंपनीकडूनच बंद करण्यात आले आहे. मदत क्रमांकावर फोन केला की ‘आपली तक्रार नोंदवली आहे’ याखेरीज काही ऐकायला मिळत नाही, म्हणून हे पत्र रजिस्टर पोस्टाने पाठवत आहे. यंत्र बंद पडणे हा या प्रकरणाचा शेवटचा भाग असल्याने मला सर्व हकीकत यात्रेच्या दिवसापासून सांगणे भाग आहे.

आपल्या स्टॉलवर टेबलावर काचेचे दोन ग्लास ठेवलेले होते. एकात नळाचे पाणी होते आणि दुसऱ्यात आपल्या यंत्रातून काढलेले. प्रतिनिधीने विजेच्या प्लगला जोडलेले, खाली धातूच्या कांड्या असलेले एक उपकरण त्या दोन्ही ग्लासांत सोडले आणि बटण दाबले. थोड्याच वेळात नळाच्या पाण्यात कांडीभोवती पिवळसर धागे सुटू लागले, मग ते तपकिरी झाले, वर फेस आला आणि तळाशी गाळ बसला. आपल्या यंत्राचे पाणी मात्र जवळपास तसेच राहिले. ‘काकू, हे तुम्ही रोज पोरांना पाजता,’ असे तो मोठ्या आवाजात म्हणाला, तेव्हा माझ्याभोवती खेड्यांतून यात्रेला आलेल्या पंधरा-वीस बाया लेकरांना कडेवर घेऊन उभ्या होत्या. त्यातल्या एकीने तेथल्या तेथे नवऱ्याला बोलावून हप्त्याची चौकशी केली, हे मी पाहिले आहे. मीही तेच पाहून यंत्र घेतले.

आमच्या शेजारी रसायनशास्त्र शिकवून निवृत्त झालेले एक शिक्षक राहतात. यंत्र घरी आल्यावर मी त्यांना हा प्रकार सांगितला, तेव्हा त्यांनी आपल्याच यंत्राचे शुद्ध पाणी एका ग्लासात घेऊन त्यात चिमूटभर मीठ टाकले, दोन लोखंडी खिळे सोडले आणि ते बॅटरीला जोडले. ते ‘शुद्ध’ पाणीही हळूहळू तपकिरी झाले. कारण सरळ आहे. पाण्यात क्षार असले की त्यातून वीज वाहते, वीज वाहिली की कांडीतील लोखंड झिजून पाण्यात उतरते आणि त्याचा गंज आपल्याला गाळ म्हणून दिसतो. तो गाळ पाण्यात आधीपासून नसतो, तो कांडीतून येतो. आरओच्या पाण्यात क्षार फारच थोडे असल्याने त्यातून वीज नीट वाहत नाही, एवढाच दोन ग्लासांमधला फरक. या प्रयोगातून पाणी पिण्यास योग्य आहे की अयोग्य, त्यात रोगजंतू आहेत की नाहीत, यांपैकी काहीही सिद्ध होत नाही. ही गोष्ट जलशुद्धीकरणाची यंत्रे बनवणाऱ्या कंपनीला माहीत नसेल, हे मी मानायला तयार नाही. आईच्या मनातील काळजीचा असा वापर करून माल विकणे मला अत्यंत गैर वाटते आणि माझ्या तक्रारीतला हा मुद्दा पैशांपेक्षा मोठा आहे.

यंत्र बसवायला आलेल्या आपल्या तंत्रज्ञाने त्याच्याजवळच्या मीटरवर आमच्या नळाच्या पाण्याचा टीडीएस, म्हणजे लिटरभर पाण्यात विरघळलेले क्षार किती मिलिग्रॅम आहेत ते, मोजला. तो २९० आला आणि हा आकडा त्याने जोडणीच्या कागदावर लिहिलेला आहे. पिण्याच्या पाण्यासाठीच्या भारतीय मानकात विरघळलेल्या क्षारांची स्वीकारार्ह मर्यादा लिटरमागे ५०० मिलिग्रॅम आहे. राष्ट्रीय हरित लवादाने २०१९ मध्ये, टीडीएस ५०० पेक्षा कमी असेल तेथे आरओच्या वापरावर बंदी घालावी, असे केंद्र सरकारला सांगितले होते. मग २९० टीडीएस असलेल्या घरात आरओ बसवण्याआधी ‘तुम्हाला याची गरज नाही’ हे सांगण्याचे कर्तव्य कोणाचे होते? जंतूंची काळजी असेल तर पाणी उकळून किंवा अतिनील किरणांच्या साध्या यंत्राने काम भागते, आणि त्यात पाण्याचा थेंबही वाया जात नाही. स्टॉलवर मला कोणी विचारलेही नाही की तुमच्याकडे पाणी नळाचे येते, बोअरचे येते की टँकरचे.

आता पाण्याच्या नासाडीविषयी. आपल्या माहितीपत्रकावर ठळक अक्षरांत छापले आहे की या यंत्रात येणाऱ्या पाण्यापैकी ६० टक्के पाणी पिण्यासाठी मिळते. प्रत्यक्षात शुद्ध पाण्याची पाच लिटरची कळशी भरेपर्यंत मोरीकडे जाणाऱ्या नळीखाली ठेवलेल्या बादलीत पंधरा लिटर पाणी जमा होते. म्हणजे हाती लागते ते अवघे २५ टक्के. हे मोजमाप आम्ही आपल्या तंत्रज्ञासमोरही करून दाखवले. त्यावर ‘दाब कमी असेल’ असे तो म्हणाला, पण दाब वाढवणारा पंप यंत्रातच बसवलेला आहे आणि त्याचा उल्लेख माहितीपत्रकात गुण म्हणून केलेला आहे. बादलीतले पाणी दाखवून मी विचारले तेव्हा ‘ते खराब पाणी आहे, सोडून द्यायचे असते’ असे उत्तर मिळाले. शेजारच्या सरांच्या मीटरवर त्या ‘खराब’ पाण्याचा टीडीएस ३८० भरला. म्हणजे आपले यंत्र जे पाणी मोरीत सोडते, तेही क्षारांच्या बाबतीत ५०० च्या मर्यादेच्या आतच आहे.

आमच्या घरात पिण्यासाठी आणि स्वयंपाकासाठी रोज वीसेक लिटर पाणी लागते. त्यासाठी रोज साठ लिटर पाणी मोरीत जाणार, म्हणजे वर्षाला सुमारे २२ हजार लिटर. हा आकडा मोठा आहे की लहान, हे तो वाचणारा कोठे राहतो त्यावर ठरते. मी लातुरात राहते. २०१६ च्या उन्हाळ्यात मांजरा धरण कोरडे पडले, पाणी भरण्याच्या ठिकाणी भांडणे होऊ नयेत म्हणून प्रशासनाला जमावबंदी लावावी लागली आणि एप्रिलमध्ये तीनशेहून अधिक किलोमीटरवरच्या मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. त्या पहिल्या गाडीला दहा वाघिणी होत्या आणि त्यांत मिळून सुमारे पाच लाख लिटर पाणी होते. आपले यंत्र बसवलेल्या आमच्यासारख्या तीन घरांच्या मोऱ्यांतून वर्षभरात जाणारे पाणी त्यातल्या एका वाघिणीहून अधिक भरते. आजही नळाला पाणी काही दिवसांआड येते आणि ते हौदात साठवून पुरवावे लागते. माझ्या सासूबाईंनी १९७२ चा दुष्काळ पाहिलेला आहे. यंत्राच्या नळीखाली बादली त्यांनीच लावली आणि फरशी, संडास व धुणे यांसाठी ते पाणी वापरायला त्यांनीच सुरुवात केली. परंतु घरातल्या एका वृद्ध स्त्रीने दिवसभर बादल्या बदलत राहाव्यात, ही काही पाणी वाचवण्याची आपली योजना असू शकत नाही. आपल्या पत्रकावर तर ‘पाणी वाचवा’ असे लिहिलेले आहे.

यंत्र बंद पडण्याचा प्रकार असा. बसवणी पूर्ण झाल्यावर तंत्रज्ञाने आपले अ‍ॅप घेण्यास सांगितले. माझा मोबाईल साधा असल्यामुळे, बारावीनंतर नीटच्या तयारीसाठी आमच्याकडे राहणाऱ्या माझ्या भाच्याच्या मोबाईलवर ते टाकण्यात आले. ‘मशीनची नोंदणी करायची आहे, एक रुपया कटेल’ असे सांगून तंत्रज्ञाने त्याला यूपीआयचा पिन टाकायला लावला. ती नोंदणी नव्हती. ती दरमहा रु. ३४९ आपोआप कापून घेण्याची परवानगी होती. हे आम्हाला त्याच्या खात्यातून पैसे गेल्यावर कळले. एक वर्षाची सेवा मोफत असताना हे पैसे कशाचे, या प्रश्नाला आपल्या मदत क्रमांकावरून ‘तो स्मार्ट प्लॅन आहे’ असे उत्तर आले. हा शब्द पावतीवर कोठेही नाही आणि स्टॉलवर कोणी उच्चारलाही नव्हता. म्हणून एप्रिलच्या अखेरीस आम्ही बँकेच्या अ‍ॅपमधून ती परवानगी रद्द केली.

४ मे रोजी, रविवारी, नीटची परीक्षा होती. दुपारी भाचा परीक्षा केंद्रावर होता आणि केंद्रात मोबाईल नेता येत नसल्याने त्याचा फोन घरी कुलूपबंद स्थितीत पडून होता. त्या वेळी यंत्राचा दिवा लाल झाला आणि पाणी येणे थांबले. आधी आम्हाला वीज गेली असे वाटले, मग नळी तुंबली असे वाटले. बाहेर मे महिन्याचे ऊन, घरात सासूबाई आणि पाण्याचे भांडे रिकामे. हौदात पाणी होते, ते उकळून गार होईपर्यंत शेजाऱ्यांकडून कळशी आणावी लागली. संध्याकाळी भाच्याने फोन उघडला तेव्हा अ‍ॅपवर संदेश होता की प्लॅन संपल्यामुळे यंत्र थांबवण्यात आले आहे, सुरू करण्यासाठी पैसे भरा. त्या दिवसापासून आम्ही विकतचे जार आणत आहोत.

मी हे यंत्र भाड्याने घेतलेले नाही. पूर्ण किंमत घेऊन विकलेली वस्तू दूर बसून बंद करण्याचा अधिकार आपल्याला कोणत्या करारान्वये मिळाला, तो करार माझ्या सहीसह मला दाखवावा. घर विकून किल्ली स्वतःच्या खिशात ठेवावी, तसा हा व्यवहार झाला. त्यातही ही वस्तू दूरदर्शन संच असती तर गोष्ट वेगळी होती. हे पिण्याचे पाणी आहे, आणि मराठवाड्यात मे महिन्यात कोणाच्या घरचे पिण्याचे पाणी तगाद्यासाठी अडवू नये, एवढे तारतम्य आपल्या संगणक प्रणालीत नसेल तर ते आपल्या अधिकाऱ्यांनी तरी दाखवायला हवे होते.

ग्राहक संरक्षण अधिनियम २०१९ नुसार दिशाभूल करणारी जाहिरात, अनुचित व्यापारी प्रथा आणि अन्यायकारक करार या तिन्ही गोष्टींविरुद्ध दाद मागता येते. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी ‘डार्क पॅटर्न’विषयी, म्हणजे अ‍ॅप वा संकेतस्थळावर ग्राहकाला फसवण्याच्या क्लृप्त्यांविषयी, जी मार्गदर्शक तत्त्वे जारी केली, त्यांतील १३ प्रकारांमध्ये ग्राहकाला वर्गणीच्या सापळ्यात अडकवणे आणि न मागितलेली गोष्ट करायला भाग पाडणे या दोहोंचा समावेश आहे. आपल्या तंत्रज्ञाने आमच्या स्वयंपाकघरात उभे राहून जे केले, ते याहून वेगळे नाही.

माझी मागणी अशी आहे की, आपण हे यंत्र स्वखर्चाने काढून न्यावे, भिंतीला पाडलेली छिद्रे बुजवून द्यावीत आणि रु. १६,५०० ची संपूर्ण रक्कम, भाच्याच्या खात्यातून कापलेल्या पैशांसह आणि ४ मेपासून आणलेल्या जारच्या खर्चासह, मला परत करावी. ‘यंत्र सुरू करून देतो, तक्रार मागे घ्या’ असा प्रस्ताव आपल्या स्थानिक वितरकाने तोंडी दिला होता, तो मला मान्य नाही, कारण २९० टीडीएसच्या पाण्याला या यंत्राची गरजच नव्हती. भाच्याचा मोबाईल क्रमांक व बँकेसंबंधीचा तपशील आपल्या नोंदींतून काढून टाकल्याचे लेखी कळवावे. आणि दोन ग्लासांचा तो प्रयोग यापुढे आपल्या कोणत्याही स्टॉलवर, सिद्धेश्वर यात्रेत, माळेगावच्या यात्रेत किंवा कोठल्याही आठवडी बाजारात केला जाणार नाही, तसेच विक्रीपूर्वी ग्राहकाच्या घरच्या पाण्याचा टीडीएस मोजून तो पावतीवर लिहिला जाईल, असे लेखी आश्वासन मला हवे आहे. माझे पैसे परत केले तरी या शेवटच्या मागणीचा पाठपुरावा मी सोडणार नाही.

हे पत्र मिळाल्यापासून १५ दिवसांत आपले लेखी उत्तर न आल्यास मी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवीन आणि लातूरच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे दाद मागेन. ग्राहकाला स्वतःच्या राहत्या जिल्ह्यात तक्रार दाखल करता येते आणि पाच लाख रुपयांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क लागत नाही, याची मी चौकशी केलेली आहे.

सोबत पावती, माहितीपत्रक, टीडीएसची नोंद असलेला जोडणीचा कागद, बँक खात्याचा उतारा आणि अ‍ॅपवरील संदेशाचे छायाचित्र यांच्या प्रती जोडल्या आहेत. माझे पूर्ण नाव, पत्ता व ग्राहक क्रमांक पावतीवर आहेत. यंत्र काढून नेण्यासाठी माणूस पाठवताना आदल्या दिवशी फोन करावा आणि तो दुपारी चारनंतर पाठवावा.

आपली,
ग्राहक (सही)
लातूर